चाकरमान्यांचे चैत्र-वैशाख

वसंत ऋतू कवींनी आपल्या ताब्यात घेतल्यापासून तो कामाचा ऋतू आहे, ही साधी गोष्ट कोणी बोलून दाखवीत नाही. कोकिळा, पळस, आम्रमोहोर यांची वर्णने पुष्कळ झाली. पण आपल्या घरांतून चैत्र लागल्यापासून जी धावपळ सुरू होते तिचा पत्ता त्या वर्णनांत लागत नाही. पापड-कुरडया याच दिवसांत, लग्ने याच दिवसांत, मुलांचे निकाल याच दिवसांत, माहेरवाशिणी याच दिवसांत. इतके असूनही आपण संध्याकाळी घडीभर उसंत काढून व्याख्यानास येता, याचे श्रेय वक्त्यापेक्षा घरी मागे राहून गच्चीवरचे वाळवण उचलणाऱ्या माणसाला अधिक आहे, असे आम्ही मानतो.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. शिकलेल्या मंडळींना हा काळ सोयीचा होता. शाळा-कॉलेजांना सुटी, कोर्टांना सुटी आणि संध्याकाळ जरा गार. परंतु उन्हाळ्याची सुटी ही वस्तू त्या काळी सर्वांच्या वाट्याला आलेली नव्हती. ज्याला सुटी मुळीच नाही, पण ज्याचा सगळा संसार याच दोन महिन्यांत बोलावीत असतो, असा एक मोठा वर्ग त्याच सुमारास मुंबईत तयार होत होता. तो वर्ग म्हणजे गिरणीतला कोकणी चाकरमानी. घर, मैत्री आणि रोजची भाकरी या तिन्हींचा मेळ त्याने शंभर-सव्वाशे वर्षे दर वसंतात कसा घातला, तेच आज सांगावयाचे आहे. मुंबईच्या कापडधंद्याचा इतिहास सांगताना भांडवल, यंत्रे आणि बाजारभाव यांची चर्चा पुष्कळ होते. हा मेळ मात्र तळटीपेत जातो. आमच्या मते तो तळटीपेचा विषय नाही.

कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली केली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढील चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. या धुराड्यांखाली उभे राहण्यास माणसे आली ती मुख्यतः त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून जो मुलूख होतो तेथून. (सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.) घाटावरचे, विशेषतः साताऱ्याकडचे लोकही पुष्कळ होते. पण त्यांची जाण्यायेण्याची रीत निराळी होती. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास गावोगावच्या यात्रा, तेवढ्यापुरते आगगाडीने जावयाचे आणि परतावयाचे. कोकणी माणसाला समुद्र आडवा होता, आणि त्यामुळेच त्याचा हिशेब जास्त अवघड झाला होता.

कोकण सोडून तो आला कशासाठी? डोंगरउतारावरची लहान लहान खाचरे, त्यांवर पिकणारे भात वर्षभर पुरत नाही, आणि जे पिकते त्यातलाही वाटा खोताच्या घरी जातो. वर वेठ वेगळी. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. तोवर कुळाच्या घरात रोकड येण्याचे खात्रीचे ठिकाण एकच होते, ते म्हणजे टपाल कचेरी. मनिऑर्डरीची सोय टपालखात्याने १८८० पासून सुरू केली, आणि तेव्हापासून कोकणातल्या हजारो चुली पोस्टमनच्या पावलावर पेटू लागल्या. गडी मुंबईस, बायको-मुले आणि म्हातारी माणसे गावी, अशी घराची फाळणीच झाली. १९११ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे सुमारे ५३० स्त्रिया होत्या. शहराच्या लोकसंख्येतून जी निम्मी बाई हरवलेली दिसते, ती हरवली नव्हती. ती गावी भाताची खाचरे सांभाळीत होती.

आता सुटीची गोष्ट. आरंभीच्या गिरण्यांत सूर्य उगवण्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुटीदेखील ठरलेली नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुटी मागितली. ती मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली १८९० च्या जूनमध्ये. एका रविवारासाठी सहा वर्षे लागली, तर महिनाभराच्या रजेची कथाच नको. भरपगारी वार्षिक रजा कायद्याने आली ती १९४५ च्या दुरुस्तीने, आणि आज आपण जाणतो त्या स्वरूपात १९४८ च्या कारखाना कायद्याने. तोवर जवळजवळ नव्वद वर्षे गावी जाण्याला गिरणीच्या भाषेत एकच शब्द होता, ‘खाडा’. आजारी पडला तरी खाडा, आई वारली तरी खाडा, स्वतःचे लग्न असले तरी खाडाच.

असे असूनही दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत हजारो माणसे हा खाडा पत्करीत. केव्हा निघावयाचे आणि केव्हा परतावयाचे, हे त्यांच्या मनावर नव्हते. दोन तारखा त्यांना बांधून ठेवीत. पहिली पगाराची. गिरण्यांतला पगार महिन्याचा, आणि तोही मागाहून मिळे. मार्चचे काम केलेल्याच्या हातात पैसे पडत ते एप्रिलच्या दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान. पगार घेतल्याशिवाय गावी जाण्यात अर्थ नाही, कारण नुसते हात हलवीत आलेला चाकरमानी कोणालाच नको असतो. दुसरी तारीख बोटीची. दक्षिणेकडे जाणारी आगबोट मे महिना सरता सरता बंद होई आणि पावसाळा संपत आल्यावर पुन्हा सुरू होई. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या अखेरीपर्यंत उणेपुरे सहा आठवडे. वर्षभराचा नवरा, वर्षभराचा बाप, वर्षभराचा मुलगा आणि वर्षभराचा शेतकरी त्या माणसाला या सहा आठवड्यांत होऊन घ्यावयाचा असे. शिवाय निघण्याच्या दिवसापर्यंत एप्रिलमध्ये जे काम केले असेल त्याचा पगार गिरणीतच अडकून राही. परत या आणि घ्या, असा तो व्यवहार. मालकाच्या हाती ही एक दोरीच होती. पगार ठरावीक दिवसांत दिलाच पाहिजे असा कायदा झाला तो १९३६ साली.

बोटीचा प्रवास ज्यांनी केला आहे अशी माणसे आता थोडी राहिली. मुंबईच्या धक्क्यावरून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट सुटे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी एकेक बंदरे घेत ती खाली उतरे. डेकवर वळकट्या पसरलेल्या, ट्रंका एकीवर एक रचलेल्या, पोरे रडताहेत, निम्मी माणसे बोट लागून आडवी झालेली, आणि तरीही सगळे आनंदात. बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या पडावात उतरणे ही एक विद्याच होती. ट्रंक आधी खलाशाच्या हाती द्यावयाची, मग पोर, मग आपण. पुढे गुडघाभर पाण्यातून चालत वाळूवर यावयाचे आणि तेथून घरापर्यंत कधी पाच कोस तर कधी दहा कोस पायी. चाकरमान्याच्या सहा आठवड्यांतले तीनचार दिवस या जाण्यायेण्यातच खर्ची पडत. ही बोटसेवा आता नाही, आणि तिच्याविषयी जे हळवेपणाने लिहिले जाते ते सगळे खरे मानण्याचे कारण नाही. मुंबईहून रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो मार्ग जवळचा होता, महिना पावसाळ्याचा होता. दक्षिणेकडच्या बोटी मेअखेर का थांबवीत, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

गावी पोचल्यावर विश्रांती मिळे असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. कोकणात ‘आगोट’ असा एक शब्द आहे. पावसाळ्याचे तोंड, आणि त्यापूर्वी करून ठेवावयाची सारी तरतूद असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या मुलखात आगोटीची तयारी म्हणजे जगण्याची तयारी होय. घर शाकारावयाचे, नळे परतावयाचे, फुटके बदलावयाचे. सरपण फोडून माळ्यावर रचावयाचे. भाजावळ बायकांनी आधी उरकलेली असली तर ठीक. पालापाचोळा, शेणी आणि कवळे पसरून ते जाळावयाचे व तेथे तरव्यासाठी जमीन तयार करावयाची, हे काम वसंतातलेच. ढासळलेले गडगे उभे करावयाचे, बांध दुरुस्त करावयाचे. मीठ, मिरची, सुकी मासळी, आमसुले, आंब्याची साठे, फणसाचे पोळे यांची बेगमी घरातल्या बाया करीत. छपरावर मात्र गडीमाणूस लागे. दहा महिने सूत आणि कापूस यांच्या धुळीत काढलेला माणूस पाचव्या दिवशी छपरावर चढलेला दिसे.

त्यातच लग्नसराई. मुलीचे लग्न वैशाखातच करावयाचे, कारण तेव्हाच तिचा बाप, चुलते, मामा एकत्र गावी असत. मुहूर्त पंचांगात शोधला जाई हे खरे, पण पंचांगाच्या आधी बोटीचे वेळापत्रक पाहिले जाई असे म्हणण्यास हरकत नाही. भावकीतले जमिनीचे तंटे, खोताकडचा हिशेब, देवळाचा जीर्णोद्धार, शाळेच्या खोलीसाठी वर्गणी, आजारी म्हातारीला वैद्याकडे नेणे ही सारी कामेही ‘मुंबईकर आले की बघू’ म्हणून वर्षभर ठेवलेली असत. ही कामे संपवून बायकोशी निवांत बोलावयास किती वेळ उरत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. बाप घरात शिरताच आईच्या पदराआड लपणारे मूल आणि त्या मुलासाठी ट्रंकेतून काढलेला पत्र्याचा भोवरा, हा प्रसंग कोकणातल्या कोणत्या घराने पाहिला नाही? मूल ओळखू लागे, खांद्यावर बसू लागे, तोच बोटीची वेळ होई.

आणि त्या बायकोविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. चाकरमानी सहा आठवडे दोन्ही घरांचा माणूस असे. ती उरलेले साडेदहा महिने एकटी दोन माणसांची असे. नांगरट भाडोत्री माणसाकडून, लावणी स्वतःच्या कमरेवर, सासूची सेवा, दिराचा शब्द, खोताच्या माणसापुढे पदर सावरून केलेली बोलणी, आणि महिन्याच्या पंधरवड्यानंतर पोस्टमनची वाट. मनिऑर्डरीच्या कुपनावरच्या चार ओळी दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावयाच्या, म्हणजे त्यांत जे लिहिलेले नसे ते विचारण्याचीही सोय नाही. जात्यावरच्या ओव्यांत मुंबई पुष्कळ येते, बोटही येते. अण्णाभाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘मैने’ची छक्कड म्हटली तेव्हा ती लालबाग-परळात का घुमली, याचे कारण राजकीय तर होतेच. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाची मैना खरोखरीच कोठेतरी मागे राहिलेली होती.

आता मुंबईकडे वळू. माणूस सहा आठवडे गावी गेला तर त्याच्या साच्याचे काय? साचा म्हणजे माग. विणकर दोन साचे चालवी, आणि ते एक दिवसही रिकामे ठेवणे मालकाला परवडत नसे. तेव्हा त्या जागी बदली माणूस लागे, आणि तो लावण्याचा अधिकार जॉबरचा. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. नोकरी देणारा तोच, काढणारा तोच, आणि दोन्ही वेळी दस्तुरी घेणाराही तोच. गावी जाणाऱ्याला मोठी धास्ती अशी की परत यावे तो आपल्या साच्यावर जॉबरच्या मर्जीतला दुसरा कोणी कायम होऊन बसलेला. मग पुन्हा दस्तुरी, पुन्हा दारात उभे राहणे, पुन्हा बदली म्हणून आरंभ. दहा वर्षांचा विणकर एका लग्नापायी नव्याने उमेदवार झाला, असे घडू शकत असे.

या धास्तीवर कामगारांनी जो उपाय काढला तो कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. तो मैत्रीचा होता. आपल्या जागी आपल्याच गावचा, वाडीचा, निदान खोलीतला माणूस जॉबरपुढे उभा करावयाचा. त्याने साचा चालवावयाचा, त्या दिवसांची मजुरी घ्यावयाची, आणि मूळ माणूस परत आला की जागा मुकाट्याने मोकळी करून द्यावयाची. पुढच्या वर्षी हा गावी जाईल तेव्हा तो त्याचा साचा राखील. यात लेखी काही नाही, साक्षीदार नाही, जामीन नाही. बेकारीच्या दिवसांत भरल्या साच्यावर बसलेल्या माणसाने तो मित्राच्या एका शब्दाखातर सोडून द्यावयाचा, हे किती कठीण आहे याचा विचार करा. शब्द मोडणारे निघाले नसतील असे नाही. पण ही रीत पिढ्यान्‌पिढ्या टिकली, यावरून पाळणारे अधिक होते एवढे निश्चित. शब्द मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवावयाचे असे, हेही खरे. मैत्रीच्या पाठीशी गावाचा धाक होता.

या मैत्रीला एक कुंपणही होते, आणि ते झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. विणाई खात्यात धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साच्यावर येऊ दिले जात नसे. त्यांना कमी मजुरीच्या खात्यांतच राहावे लागे. म्हणजे रत्नागिरीच्या एकाच गावातून एकाच बोटीने आलेले दोन गडी, पण एकाला दुसऱ्याचा साचा राखता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. गिरणीने पोट जोडले तरी पंगत जोडली नव्हती, हे त्या वेळी सर्वांसमोर आले.

साच्यासारखीच खोलीची व्यवस्था. एका गावचे लोक मिळून चाळीत एक खोली घेत, तिला गावकरीची खोली म्हणत. दहा-बारा हातांच्या त्या जागेत पाळीपाळीने माणसे झोपत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर अंग टाकी. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी एवढाच खासगी मुलूख. गावी गेलेल्याची ट्रंक हलवावयाची नाही, त्याची खुंटी घ्यावयाची नाही, हा नियम. जेवण खानावळीत. खानावळ चालविणाऱ्या बाया बहुधा स्वतः विधवा, टाकलेल्या किंवा नवऱ्याची मजुरी अपुरी पडल्याने हात घालणाऱ्या. पगारापर्यंत उधार वाढीत आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभ्या राहत. वसंतात अर्धी पंगत गावी जाई तेव्हा यांची मिळकतही अर्धी होई, आणि गावी जाणाऱ्याने ताट सोडताना मागचा हिशेब चुकता केला नाही तर त्यांचा वैशाख उपाशीच जाई. त्यांना स्वतःला मात्र गावी जाणे फारसे घडत नसे. बदली माणूस साच्याला मिळे, चुलीला नाही.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. लग्न आणि आगोट यांचा खर्च पगारात भागणे शक्य नव्हते. सावकारी व्याजाचा गिरणगावातला रूढ दर रुपयाला महिना एक आणा असा होता. म्हणजे वर्षाला रुपयामागे बारा आणे, शेकडा पंचाहत्तर! एका वैशाखाचे कर्ज पुढच्या वैशाखापर्यंत पाउणपटीने वाढलेले असे. गावी बँड वाजवून, पेढे वाटून, कोऱ्या धोतरात मिरविणारा चाकरमानी परतीच्या बोटीत गप्प का असे, याचे उत्तर पुष्कळदा या एका आण्यात होते. मिरवल्याबद्दल त्याला हसणे सोपे आहे. वर्षभर यंत्राचा जोडीदार म्हणून राहिलेल्या माणसाला सहा आठवडे गावात माणूस म्हणून उभे राहावयाचे असेल तर त्याने कोरे धोतर नेसू नये असे सांगण्याचा अधिकार आम्हांला तरी वाटत नाही.

मालकवर्ग या सगळ्याकडे कसा पाहत होता? त्यांच्या दृष्टीने हा मजूर चंचल, बेशिस्त, अर्धा शेतकरी. उन्हाळा आला की पळणारा. सरकारच्या कामगार कचेरीने १९२१ पासून ‘लेबर गॅझेट’ काढण्यास आरंभ केला आणि त्यात गैरहजेरीचे आकडे महिन्यामहिन्याने येऊ लागले. त्या आकड्यांवरून मजुराच्या स्वभावाची मीमांसा करणारे पुष्कळ निघाले. वस्तुतः ज्या मजुरीत मुंबईत कुटुंब ठेवता येत नाही ती मजुरी परवडते तीच मुळी गावच्या भातामुळे आणि गावच्या बाईच्या श्रमामुळे. म्हातारपणाची, आजाराची, बाळंतपणाची, बेकारीची सारी व्यवस्था गावाने करावयाची, आणि त्या गावाचे छप्पर शाकारावयास सहा आठवडे गेला म्हणून मजूर चंचल! व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात गावाशी असलेला हा संबंध तोडू नये, उलट तो नियमित करावा, असाच अभिप्राय दिला. सरकारी कमिशनांशी आमचे नेहमी जमतेच असे नाही. पण येथे त्यांनी बरोबर पाहिले.

गाव म्हणजे काय आधार होता याची परीक्षा १८९६ मध्ये झाली होती. सप्टेंबरात मुंबईत प्लेग उद्भवला, आणि पुढच्या वसंतापूर्वी शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. गिरण्यांना माणसे मिळेनात. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागू लागली आणि रोजची मजुरी रोज हातावर देण्यापर्यंत मालक खाली आले. जॉबरच्या दारात वर्षानुवर्षे उभा राहणारा माणूस त्या काही महिन्यांत स्वतः भाव सांगत होता. मग प्लेग ओसरला आणि जुनी रीत परत आली.

एक गोष्ट मात्र आम्हांला फार विचार करण्यासारखी वाटते. मुंबईच्या गिरण्यांतले सार्वत्रिक संप पाहा. १९२८ चा मोठा संप एप्रिलमध्ये सुरू झाला. १९२९ चा २६ एप्रिलला. १९३४ चा २३ एप्रिलला. प्रत्येकाची कारणे निराळी होती. १९२८ मध्ये विणकराने दोनांऐवजी तीन साचे चालवावे आणि कातणाऱ्याने दुप्पट काम सांभाळावे, या नव्या पद्धतीचा वाद मुख्य होता. मजुरीत काटछाट हेही कारण होतेच. मे महिन्यात कॉम्रेड डांगे प्रभृतींनी गिरणी कामगार युनियन स्थापन केली. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने, ऑक्टोबरपर्यंत, बाहेर राहिले. पगाराशिवाय सहा महिने माणूस जगतो कसा, असा प्रश्न त्या वेळी इंग्रजी वर्तमानपत्रांना पडत होता. मार्चचा पगार हातात पडल्यानंतर संप सुरू झाला, बोटी चालू होत्या, आगोट समोर होती. हजारोंनी गावची वाट धरली. एरवी ज्याला खाडा म्हणत ते आता लढा झाले. बोटीच्या धास्तीने परतण्याची घाई नव्हती. लावणी झाली, कित्येकांनी कित्येक वर्षांत प्रथमच आपल्या खाचरातला चिखल पायाला लावला, आणि भात पोसू लागेतो मुंबईत तडजोड झाली. पुढाऱ्यांनी हे सर्व मोजून मापून केले असे आमचे म्हणणे नाही. परंतु वर्षानुवर्षे वसंतात गावी जाण्याची जी वाट पडली होती तिच्यामुळेच हा संप तितका लांबू शकला, असे आम्हांस वाटते. ज्या सवयीला मालक चंचलपणा म्हणत होते तिनेच त्यांना सहा महिने थोपवून धरले. आणि मुंबईतून येणारी मनिऑर्डर बंद असताना ज्या घरांनी त्या गड्यांना पोसले, त्या घरांतील भाताची कणगी कोणी राखली होती हे वर सांगून झालेच आहे.

पुढे पुष्कळ बदलले. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद करून त्यांना पत्रके देण्याची योजना आणली, आणि जॉबरचा हात आखडला. मित्राने मित्रासाठी साचा राखण्याच्या जुन्या रीतीलाही त्यामुळे ओहोटी लागली, कारण आता जागा शब्दावर नव्हे तर क्रमांकावर मिळू लागली. ही देवघेव तोट्याची झाली असे आम्ही म्हणणार नाही. शब्दाने ज्यांना कधी आत घेतले नव्हते त्यांना क्रमांकाने थोडेतरी दार उघडले. १९४८ नंतर भरपगारी रजा आली. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, म्हणजे वर्षाला सुमारे पंधरवडा. सहा आठवड्यांच्या संसाराला पंधरवड्याची कायदेशीर जागा मिळाली. उरलेल्या दिवसांचा खाडा पूर्वीप्रमाणेच. हळूहळू काहींनी बायकामुलांना मुंबईस आणले. मग दहा-बारा हातांच्या खोलीत दोनदोन बिऱ्हाडे झाली आणि गावी म्हातारी एकटी राहिली. मुलांच्या परीक्षा संपल्या की सगळे कुटुंबच एस. टी.ने कोकणात जाऊ लागले. तेव्हा कोठे ‘मे महिन्याची सुटी’ हा शब्द चाळींतून ऐकू येऊ लागला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली शेवटचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. एप्रिल आला तसे तेही गावी निघाले, बापाआजांच्या वाटेने. घरे शाकारली, भाजावळी झाल्या, लग्ने लागली, पेरण्या झाल्या. १९२८ चा संप ज्यांनी लहानपणी पाहिला होता असे म्हातारे तेव्हा गावोगाव हयात होते, आणि भात पोसेपर्यंत निकाल लागेल हा त्यांचा अनुभव होता. या खेपेला भात कापून झाले तरी बोलावणे आले नाही. संप मागे घेतल्याची घोषणा पुढेही झाली नाही. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि हजारो साचे भंगारात गेले. पुढल्या वैशाखात कोकणातल्या पुष्कळ घरांतून गडीमाणूस छपरावर चढला. त्याला परतीची घाई नव्हती, आणि खाली उभी राहून नळे वर देणारी बायको त्याला किती दिवस राहणार म्हणून विचारीत नव्हती.